रिलीव्हर हमीद

हमीद गेल्याची बातमी आली तेव्हा मी इथं आखातात, रुसैलच्या सिग्नलला गाडीत बसलो होतो. दाभोळहून त्याच्या पुतण्यानं आमच्या स्टोअरकीपरला कळवलं आणि स्टोअरकीपरनं ते कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, ‘हमीदभाई नो मोअर. हार्ट अटॅक.’ सकाळची नमाज झाल्यावर अंगणात खुर्ची टाकून बसला होता, बसल्याजागी गेला. नोकरी संपवून गावी परतला त्याला तीन महिनेही झाले नव्हते. सिग्नल सुटेपर्यंत ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. कुणा एकानं घाईघाईत वाढदिवसाचा केक टाकला आणि मग खोडला. अर्ध्या तासानं त्याच ग्रुपवर शुक्रवारच्या इब्राच्या सहलीचा विषय निघाला. गाड्या किती, मटण कोण मुरवणार, पोरांना क्रिकेटची बॅट कोण आणणार... मीही आधी हात जोडले होते. मग लिहिलं, ‘आम्ही दोघं येतोय.’ माझे ते दोन्ही मेसेज अजून तिथं आहेत. परवा पुन्हा पाहिले आणि स्वतःची शिसारी आली.

कंपनीनं रीतसर शोकसभा घेतली. जेवणाच्या सुट्टीनंतर, कँटीनमध्येच, म्हणजे टेबलांवर सांबाराचा वास अजून तसाच. पडद्यावर हमीदचा फोटो होता. पंचवीस वर्षं राबलेल्या माणसाचा एकट्याचा एकही फोटो कंपनीकडे निघाला नाही. कुठल्याशा ग्रुप फोटोच्या कडेचा हमीद कापून मोठा केला होता, त्यामुळे त्याच्या खांद्यावर कुणाचा तरी अर्धा पंजा दिसत होता. एचआरच्या बाई बोलल्या, मग जनरल मॅनेजर बोलले. ‘ही वॉज द मोस्ट अंडररेटेड मॅन ऑफ धिस कंपनी,’ ते म्हणाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! आपल्याकडे म्हणतातच, मेल्या म्हशीला मणभर दूध. ती जिवंत असताना तिला पेंड कोण घालत होतं, हे तिथं कुणी विचारलं नाही. मग मला उभं केलं. मी प्रॉडक्शन मॅनेजर, सतरा वर्षं हमीदचा साहेब. ‘हमीदभाई माझा उजवा हात होते,’ असं म्हणालो, आवाजही भरून आणला. खाली बसलो तर शेजारचा ट्रान्सपोर्टवाला कानाशी लागला, ‘सर, जूनला त्यांना व्हिजिट व्हिसावर बोलवून घेऊ म्हणत होतो. अब कव्हर कौन करेगा?’ मी उठून बेसिनवर गेलो आणि तोंडावर पाणी मारत राहिलो. परत येऊन समोसा खाल्ला, तेही सांगून टाकतो.

‘हमीदभाई’ हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारला. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, तरी सतरा वर्षं मी त्याला नुसतं हमीद म्हणत आलो, अरे-तुरे करत आलो. आता छापील मजकुरात आदर दाखवणं म्हणजे निव्वळ ढोंग होईल. तेव्हा इथंही हमीदच लिहितो.

आखातात नोकरी न केलेल्यांना रिलीव्हर म्हणजे काय ते सांगायला हवं. जूनमध्ये इथल्या भारतीय शाळांना सुट्टी लागते आणि अल् घुब्रातल्या आमच्या इमारतीसारख्या इमारती बघता बघता रिकाम्या होतात. वर्षाची रजा साठवून सगळे महिना-दीड महिन्यासाठी पुण्या-मुंबईला, केरळला पळतात. कारखाना मात्र चालूच ठेवावा लागतो. आमचा प्लास्टिकच्या पाइपांचा, एकदा मशीन थंड पडलं की पुन्हा गरम करून सुरू करण्यात अख्खी पाळी वाया जाते. तेव्हा रजेवर गेलेल्याच्या खुर्चीत कुणीतरी बसावं लागतं, तो रिलीव्हर. हमीद कागदोपत्री ‘असिस्टंट’ होता. कुणाचा, ते कागदावर नव्हतं. जूनमध्ये तो शिफ्ट सुपरवायझर, जुलैत स्टोअरकीपर, ऑगस्टमध्ये डिस्पॅच बघणार आणि सप्टेंबर उजाडला की पुन्हा वॉटर कूलरशेजारच्या टेबलावर असिस्टंट. थंड पाण्याच्या टाकीतून बाहेर येणाऱ्या पाइपवर नुसता तळवा ठेवून तो सांगायचा की मशीनचं तापमान चढलंय. सुपरवायझर रजेवरून परतायचा तेव्हा त्याला सगळं जागच्या जागी मिळायचं. खुर्चीची उंचीसुद्धा हमीद मूळ मालकाच्या मापाला परत करून ठेवायचा. स्वतःची रजा तो जानेवारीत घ्यायचा, बाकीचे सगळे परत आलेले असताना. त्यामुळे त्याच्या मुलांनी बाप पाहिला तो शाळेच्या दिवसांत, दप्तर पाठीला लावून निघताना. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो त्यांना कधीच मिळाला नाही. आम्ही याला ‘हमीद खूप अ‍ॅडजस्ट करतो’ असं म्हणायचो.

आमची ऊठबस वाढली ती एका अमेरिकन इंजिनीअरमुळे. काही वर्षांपूर्वी नवीन मशीन बसवायला तो आला आणि हिवाळाभर राहिला. कँटीनमध्ये बसून टॅब्लेटवर तो त्यांच्याकडचा फुटबॉल बघायचा आणि हमीद त्याच्या शेजारी. आपल्याला माहीत असलेला फुटबॉल तो नव्हे. लंबगोल चेंडू, पायाला क्वचित लागणारा, आणि डोक्यावर हेल्मेट घालून एकमेकांना आडवे करणारे धिप्पाड गडी. यात एक रनिंग बॅक असतो. चेंडू काखेत मारायचा आणि समोरच्या माणसांच्या भिंतीत घुसून जमेल तेवढं पुढं पळायचं, हे त्याचं काम. तो दमला, दुखावला की बाकावरचा दुसरा उठतो, तो बॅकअप. इंजिनीअरनं टेबलावर खजुराच्या बिया मांडून हे सगळं हमीदला शिकवलं आणि परत गेला. हमीदचं वेड मात्र मागे राहिलं. तो राहायचा त्या कंपनीच्या खोल्यांमध्ये चौदा जणांत एक टीव्ही, तिथं हा खेळ कोण लावू देणार? अमेरिकेतली गुरुवार रात्रीची मॅच इथं शुक्रवारी पहाटे होते, आणि माझ्याकडे ती आणि आठवड्यातल्या बाकीच्या मॅचही नंतर बघायची सोय होती. असं करत हमीद शुक्रवारी सकाळी सातला शेअर टॅक्सीनं माझ्या घरी येऊ लागला. येताना कधी चपात्या आणि करकचा, म्हणजे इथल्या कडक दुधाळ चहाचा थर्मास, कधी हलव्याचा डबा. अकराला जुम्म्यासाठी उठायचा. मला तो खेळ निम्मा कळायचा, पण शुक्रवार सकाळ नाहीतरी कशात घालवणार?

एका संघाचा बॅकअप हमीदला फार आवडायचा. पहिला गडी मोठा नावाजलेला, जाहिरातींत दिसणारा. हा दुसरा बुटका, मानेत रुतलेल्या खांद्यांचा, मॅचमध्ये दहाएक वेळा चेंडू हाती येणारा. हमीदचं म्हणणं, हा माणूस अंडररेटेड आहे. हा शब्द त्याला त्या अमेरिकनानं दिला होता. मला वाद घालायला आवडतो आणि आकडे वाचायला मी चष्मा लावून बसतोच. मी म्हणायचो, त्याची सरासरी चांगली दिसते कारण तो शेवटी शेवटी येतो. समोरचे तोवर दमलेले असतात, दमलेल्यांतून कुणीही पळेल. पहिल्याइतका भार याच्यावर टाका, चार मॅचमध्ये उताणा पडेल. काही लोक थोड्यासाठीच चांगले असतात. ‘असं कसं साहेब?’ हमीद म्हणायचा. ‘ते दमलेले असतात, कबूल. पन हा दोन तास बाकावर थंड पडलेला असतो, तसाच उठून धावतो. ते नाय का मोजायचं?’ आणि मग तो रिमोट हातात घेऊन मागे न्यायचा. ‘चेंडूकडं बगू नका. याच्याकडं बगा.’ चेंडू दुसऱ्याच कुणाकडे असायचा. चेंडू फेकणाऱ्यावर एक रेड्यासारखा गडी धावून येत असायचा आणि हा बुटका मध्ये पडून त्याला अंगावर घ्यायचा, आडवा व्हायचा. टाळ्या चेंडू झेलणाऱ्याला. ‘ह्याचा आकडा कुटं लिवलाय, दाखवा,’ हमीद म्हणायचा. मी दाखवू शकत नव्हतो. म्हणून म्हणायचो, हे काय, हे तर सगळेच करतात.

माझी बायको वैशाली चहाचे कप उचलायला यायची तेव्हा थोडा वेळ दारात थांबायची. एकदा हमीद गेल्यावर म्हणाली, ‘तुम्ही दोघं त्या अमेरिकन पोराबद्दल भांडताय असं मला एकदाही वाटत नाही.’ मी म्हणालो, तुला खेळातलं काय कळतं? ती म्हणाली, ‘खेळातलं नाही कळत.’ आणि आत गेली. तिचं बरोबर होतं.

झालं असं होतं की या सतरा वर्षांत शिफ्ट सुपरवायझरची जागा तीनदा रिकामी झाली. पगाराचं सोडा. सुपरवायझरला फॅमिली व्हिसा मिळतो, दोन खोल्यांचं घर मिळतं, बायको-मुलं इथं आणता येतात. हमीदला आयुष्यात एवढंच हवं होतं आणि ते त्यानं मला पहिल्याच वर्षी, कूलरशी ग्लास भरता भरता सांगितलं होतं. जागेसाठी माझा शेरा लागायचा. पहिल्या वेळी मी नवा होतो, हमीदला डिप्लोमा नाही असं कारण सापडलं. दुसऱ्या वेळची गोष्ट मात्र विसरता येत नाही. ऑगस्टच्या उकाड्यात आमचे अर्बाब, म्हणजे कारखान्याचे ओमानी मालक, अचानक प्लांटमध्ये आले. निम्मा स्टाफ रजेवर आणि सगळं घड्याळासारखं चालू. हमीद तीन ठिकाणी धावत होता. अर्बाबनी हिंदीत विचारलं, ‘ये आदमी सुपरवायझर क्यों नहीं है?’ मला काही शोधावं लागलं नाही. उत्तर जिभेवरच होतं. ‘अर्बाब, ये रिलीव्हर बहुत अच्छा है. इसको पक्का किया तो जून में प्लांट कौन चलाएगा?’ अर्बाब हसले. ‘खलास, तुम जानो,’ म्हणाले आणि गाडीत बसले. हमीद पाच-सात पावलांवर होता, पण मशीनचा आवाज मोठा असतो. ऐकू गेलं नसावं, असं मी ठरवून टाकलं.

खरं तर मी खोटं बोललो नव्हतो, आणि तीच घाण आहे. हमीद सुपरवायझर झाला असता तर उन्हाळ्यात त्यालाही रजा द्यावी लागली असती. मग माझं काय? माझ्या मुलाची मुंज, सासऱ्यांची पंच्याहत्तरी, भाच्याचं लग्न, सगळं मी मे-जूनमध्ये निवांत उरकलं ते हमीद होता म्हणून. माणूस वाईट असेल तर त्याला वर चढवत नाहीत, आणि फार चांगला असेल तरी चढवत नाहीत. मधल्यांचंच भलं होतं. त्या जागेवर मी पुण्याचा एक पोरगा घेतला. त्याला पाइपवर तळवा ठेवायला हमीदनंच शिकवलं. शोकसभेत तोच पोरगा ‘अनसंग हीरो’ म्हणाला.

यापेक्षा वाईट एक गोष्ट आहे. एका जुलैत मी पुण्याला होतो, दोन्ही सुपरवायझर रजेवर. दुपारी हमीदचा फोन आला. त्याची आई गेली होती. ‘साहेब, जाऊ का?’ एवढंच म्हणाला. मी मनात पाळ्या मोजल्या आणि त्याला म्हणालो, ‘अरे, तुमच्यात माती तर आजच होणार. तू पोचणार कधी? इन्शाल्ला आठवडाभरात कुणीतरी परत येईल, मग जा.’ मशीनच्या आवाजातून तो म्हणाला, ‘ठीक हाय साहेब.’ त्याच्या धर्माचा नियम मी त्याच्याच विरुद्ध वापरला, आणि आवाजात इतकी काळजी ठेवून की फोन ठेवल्यावर मला स्वतःला समजूतदार वाटलं. जेवणात त्या दिवशी आमरस होता, सीझनचा शेवटचा. मी दोन वाट्या घेतल्या. असल्या गोष्टी माणसाच्या बरोबर लक्षात राहतात.

तिसऱ्या वेळी जागा रिकामी झाली तेव्हा हमीद छप्पन्नचा होता. मी लिहिलं, वय पाहता आता जबाबदारी वाढवणं योग्य नाही. जबाबदारी! सगळ्यांच्या जबाबदाऱ्या उचलून ज्याचे खांदे वाकले, त्याच्याबद्दल मी हे लिहिलं.

त्या बुटक्याचं पुढं काय झालं तेही सांगतो. हमीदच्या इथल्या शेवटच्या हिवाळ्यात पहिला गडी गुडघ्यानं गेला आणि बुटक्याला अख्खी मॅच मिळाली. हमीद त्या शुक्रवारी साडेसहालाच दारात, इस्त्रीचा शर्ट घालून. बुटका पळाला. बरा पळाला. खूप काही नाही, वाईटही नाही, पण तिसऱ्या भागात त्याच्या हातून चेंडू सुटला आणि समोरच्यांनी उचलला. मी मांडीवर थाप मारली. ‘बघ! सांगत होतो की नाही?’ मी इतका खूश झालो होतो की वैशाली स्वयंपाकघरातून बाहेर आली. हमीदनं टीव्हीचा आवाज कमी केला. ‘साहेब, एका दिवसावर ठरतं काय? पयल्याच्या हातनं नाय सुटत? त्याला दुसरा शुक्रवार मिळतो. ह्याला ह्योच.’ मग म्हणाला, ‘मी खरं सांगू? तो पयल्याएवढा नाय. मलाबी कळतं. पन तुमी समजता तेवढा कमीबी नाय. अंडररेटेड म्हंजे ह्याच्यापेक्षा जास्त काय असतं?’

इतकी सरळ पारख मी कुणाच्या तोंडून ऐकली नाही. स्वतःच्या माणसाला त्यानं डोक्यावर घेतलं नाही आणि पायाखालीही जाऊ दिलं नाही. हातात फॉर्म आणि पेन असून मला सतरा वर्षांत हे जमलं नाही. जमलं नाही हेही खोटंच आहे. मला ते करायचंच नव्हतं. हमीद सगळ्यात हुशार होता असं मी आता म्हणणार नाही, ती शोकसभेची भाषा झाली. तो तापट नव्हता, पण वरच्यांशी इंग्रजीत बोलताना अडखळायचा, ईमेल लिहायला दुसऱ्याला विचारायचा. सुपरवायझर म्हणून त्यानं चुका केल्या असत्या. आम्ही बसवलेल्या प्रत्येकानं केल्याच की! त्यांना आम्ही दुसरा शुक्रवार देत आलो.

जानेवारीत तो गेला. निरोपाला केक, गळ्यात हार, भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ. मला म्हणाला, ‘साहेब, या दाभोळला. आता मला सुट्टीच सुट्टी.’ मी म्हणालो, येतो की, इन्शाल्ला. इथं राहून आपण हा शब्द किती नासवून टाकलाय.

मागच्या आठवड्यात त्याच्या मुलीचा फोन आला. शबाना, दापोलीला शाळेत शिकवते. शुक्रवार सकाळच होती. मी टीव्ही बंद असलेल्या खोलीत चहा घेऊन बसलो होतो, तो खेळ आता कुणासाठी लावू? ती म्हणाली, ‘काका, अब्बांवर तुम्ही पुरवणीत लिहा ना. तुम्ही लिहिता, अब्बा आम्हाला वाचून दाखवायचे.’ मी म्हणालो, बघतो. ती म्हणाली, ‘तुम्हीच लिहायला हवं. अब्बा सगळ्यांना सांगायचे, साहेबांनी तीन वेळा माझं नाव वर पाठवलं. वरनंच नाही झालं, साहेब काय करणार? अम्मी कधी चिडून काही बोलली तर तिला गप्प करायचे. लिहा काका. आम्ही कापून फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावू.’ मी ‘हो’ म्हणालो. एवढं ऐकून मी फक्त ‘हो’ म्हणालो!

आधी वाटलं, बिचाऱ्याला कळलंच नाही. दोन दिवस त्यातच बरं वाटून घेतलं. मग आठवलं की मुलाच्या मुंजीच्या वर्षी तो माझ्याही खुर्चीत दीड महिना बसला होता. कपाटाची किल्ली त्याच्याकडे होती आणि कपाटात सगळ्यांच्या शेऱ्यांचे फॉर्म होते. मी परतलो तेव्हा ते वर्षांप्रमाणे लावून, दोऱ्यानं बांधून ठेवलेले होते. त्याचा स्वतःचा फॉर्मही त्यातच, त्याच्या जागी. मी त्याला शाबासकी दिली होती. म्हणजे त्यानं वाचलं होतं. आणि वाचून झाल्यावर पुढची सगळी वर्षं, शुक्रवारी सकाळी सातला, तो हलव्याचा डबा घेऊन माझ्या दारात येत राहिला.

तेव्हा शबाना, तू सांगितलंस म्हणून लिहिलं. तुझ्या अब्बांचं नाव मी एकदाही वर पाठवलं नाही. एकदा मालक स्वतः विचारत होते, तेव्हाही नाही. तिन्ही फॉर्मवरचा शेरा माझ्या अक्षरात आहे, खाली माझी सही आहे. तुझ्या आजीच्या मातीला ते आले नाहीत ते माझ्यामुळे. घरात माझ्याबद्दल कुणी वाकडं बोलू नये म्हणून अब्बा तुमच्याशी खोटं बोलले, आणि त्या दिवशी फोनवर मी ते तसंच राहू दिलं. तुझी अम्मी जे बोलायची ते खरं होतं, तिला तेवढं आधी सांग. मग हे वाचून दाखव, आणि भिंतीवर लावायचं की नाही ते तुम्ही घरातल्यांनी ठरवा.